साध्यासाध्यतेची आणेवारी

रोग बरा होईल की नाही, आणि बरा झाला तरी पुन्हा उलटेल की नाही, हा प्रश्न रोगाइतकाच जुना आहे. नवे आहे ते एवढेच, की त्याचे उत्तर आता वैद्याच्या नाडीपरीक्षेवर किंवा जोशीबुवांच्या पंचांगावर न सोपवता रक्ताच्या नळीत आणि कापून काढलेल्या मांसाच्या तुकड्यात शोधले जाऊ लागले आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हा शोध बराच पुढे गेला असून, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या रोग्याच्या पिशवीत जे कागद असतात त्यांतील सूचक चिन्हांची, डॉक्टरांच्या नित्याच्या बोलीत मार्करांची, यादी वर्षागणिक लांबत चालली आहे. ही यादी रोग्याच्या कितपत हिताची, यावर करमाळ्यातील एका घरात झालेला वाद पुढे दिला आहे. वादातले मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, उभे आयुष्य दप्तर, दाखले आणि पैसेवारीचे तक्ते सांभाळण्यात घालविलेले गृहस्थ. भाची पुण्यात विकृतिशास्त्राची डॉक्टर. मामांचे धाकटे बंधू बापू यांच्या मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया नुकतीच पार पडली होती, अहवालात ‘टप्पा दुसरा’ असा शेरा होता, आणि आणखी तपासण्या कराव्यात की करू नयेत एवढ्यावरून गोष्ट निघाली होती.

मामा : तुझ्या विद्येविषयी माझ्या मनात अनादर नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण रोग निघाला, तो कापून काढला, जखम भरून आली. आता उरले ते तो परत येतो का याची वाट पाहणे. ती वाट जर पाहावीच लागणार, तर हातात आकडा असला काय आणि नसला काय? आपल्या वैद्यांनीही रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य असे वर्ग पाडले. पण ते कोणासाठी? असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची आणि यशाची हानी होते, असे चरकसंहिता बजावते. म्हणजे ते भविष्य रोग्याच्या कामाचे नव्हते, वैद्याच्या अब्रूची तजवीज होती. तुमचे मार्कर त्याच जातीचे नाहीत कशावरून?

भाची : मामा, ‘टप्पा दुसरा’ हे शब्द तुम्ही निमूटपणे मान्य केलेत, पण तोही एक मार्करच आहे, आणि सगळ्यांत जुना. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाची जी वर्गवारी प्रसिद्ध केली तिचा पाया दोनच गोष्टींवर होता : गाठ भिंतीत किती खोल गेली, आणि ती लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचली की नाही. आजही सर्व पूर्वानुमानाचा कणा हाच आहे. बापूमामांच्या आतड्याचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरून माझ्यासारख्या कोणाच्या तरी मेजावर आला असेल. तो उभा चिरायचा, गाठीची खोली पाहायची, आणि मग आतड्याला चिकटलेली पिवळी चरबी चिमटीत धरून इंचाइंचाने चाचपायची, कारण ग्रंथी तिच्यात दडलेल्या असतात आणि त्यांतल्या कित्येक तीन-चार मिलिमीटरांहून मोठ्या नसतात. निदान १२ ग्रंथी तपासल्याखेरीज ‘ग्रंथींत रोग आढळला नाही’ या वाक्याला वजन येत नाही. पाच-सहाच सापडल्या आणि त्या स्वच्छ निघाल्या, तर त्या वाक्यातून रोगाची स्थिती कळते की तपासणाऱ्याची घाई, हे सांगता येत नाही. म्हणून मी आल्या आल्या तुमच्याकडे मागितला तो हाच कागद, आणि पाहिला तो हाच आकडा.

मामा : ग्रंथी मोजल्या हे ठीक, मोजणीवर माझा विश्वास आहे. माझा आक्षेप आहे तो मोजणीवरून काढलेल्या अनुमानावर, आणि हा आक्षेप मला कचेरीने शिकविला. गावातल्या निवडक प्लॉटांवर पीककापणीचे प्रयोग होतात आणि त्यांवरून साऱ्या गावाची आणेवारी लागते. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. हे तक्ते मी स्वतः लिहिले आहेत. गावाला साठ पैसे लागले म्हणून ज्याच्या खडकाळ माळावर कणसे भरलीच नाहीत त्याच्या कणगीत साठ पैशांचे धान्य येऊन पडत नाही. आपल्याच तालुक्यात उजनीच्या फुगवट्याला कंदरच्या बाजूने केळीच्या बागा उभ्या आहेत, आणि दुसऱ्या टोकाला ज्वारीला दोन पाऊस कमी पडले की कडबासुद्धा हाती लागत नाही. सरासरी दोघांची एकच निघेल. तुम्ही म्हणता, अशा शंभर रोग्यांतले ऐंशी पाच वर्षांनी हयात असतात. असतील. पण बापू काही ऐंशी शतांश हयात राहणार नाही. तो असेल किंवा नसेल. आकडा गावाचा आहे, माणसाचा नव्हे.

भाची : आकडा गावाचा आहे हे मला मान्य आहे, आणि जो डॉक्टर हे विसरून रोग्याला महिने मोजून देतो त्याच्याशी माझाही वाद आहे. पण मामा, आणेवारी तुम्ही काढीत होता ती कशासाठी? पन्नास पैशांच्या आत आली की महसुलात सूट मिळे, वसुली तहकूब होई, पोरांची परीक्षा फी माफ होई. त्या तक्त्याला सूट जोडलेली नसती तर सरकारने तो मागविला नसता आणि गावानेही त्यावरून तंटा केला नसता. कोणत्याही मार्करविषयी मी हाच एक प्रश्न विचारते : याला कोणता निर्णय जोडलेला आहे? जोडलेला असेल तर तपासणी करावी. नसेल तर तो आकडा कितीही अचूक असो, रोग्याच्या पैशाने तो काढण्याचा आम्हाला अधिकार नाही.

मामा : हे बोलणे रोखठोक झाले. मग या कसोटीला बापूच्या बाबतीत काय उतरते ते सांग; सरसकट शास्त्र नको.

भाची : सर्वांआधी चार प्रथिनांची तपासणी. पेशी दुभंगते तेव्हा तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल होते, नकलेत चुका राहतात, आणि त्या हुडकून दुरुस्त करणारी प्रथिने पेशीतच असतात : एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. रुग्णालयाने मेणाचा जो ब्लॉक जपून ठेवलेला असतो त्याचा पातळ काप काढून त्यावर रंग चढविला, की प्रथिन शाबूत असलेली केंद्रके तपकिरी दिसतात आणि नसलेली निळी राहतात. आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही दुरुस्तीची यंत्रणा मोडलेली असते. आता गंमत अशी, की अशा गाठीत चुका बेसुमार साचतात, त्यामुळे ती शरीराच्या संरक्षक पेशींना परकी वाटते, ओळखू येते, आणि दुसऱ्या टप्प्यावर तिचे पूर्वानुमान इतरांपेक्षा चांगले असते. शिवाय अशा रोग्याला एकट्या फ्लुरोयुरॅसिलचा लाभ होत नाही. म्हणजे निर्णय उघड आहे : शस्त्रक्रियेनंतर ते औषध द्यायचे नाही. ही तुमची सूट.

मामा : आणि प्रथिने शाबूत निघाली तर?

भाची : तर बाकीच्या लक्षणांवरून विचार करायचा : गाठीमुळे आतडे बंद पडले होते का, ते फुटले होते का, रक्तवाहिन्यांत पेशी दिसतात का, ग्रंथी पुरेशा मोजल्या का. पण या तपासणीचा दुसरा अर्धा भाग राहिला, आणि तो बापूमामांपुरता नाही. प्रथिन नाहीसे होण्याचे कारण कधी वयोमानाने त्या गाठीतच घडलेले असते, तर कधी जन्मतः रक्तात आलेले असते. १८९५ साली मिशिगनमध्ये अ‍ॅल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आमच्या घराण्यात पोटाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगानेच माणसे जातात, मीही तशीच जाईन. आणि ती तशीच गेली. वॉर्थिनने त्या घराण्याची वंशावळ मांडली, पुढे हेन्री लिंच यांनी तो धागा उचलला, आणि आज त्या आनुवंशिक दोषाला त्यांचे नाव आहे. त्या बाईला आपले भविष्य ठाऊक होते, पण त्याला जोडलेला उपाय त्या काळी नव्हता. आज आहे : दोष सापडलेल्या नातलगाची दुर्बिणीने वेळोवेळी तपासणी केली, तर गाठ होण्यापूर्वीच अंकुर काढून टाकता येतात. बापूमामा तुमचे सख्खे भाऊ आहेत, आणि माझी आई तुम्हा दोघांची बहीण आहे.

मामा : हे मात्र तू आधी बोलली नाहीस. बरे, ते राहू दे. मी त्याकडे परत येईन. रक्तातल्या त्या सीईए मार्करचे सांग. आमच्या आळीत एक गृहस्थ आहेत, त्यांचे रक्त इथे काढतात आणि पुण्याला पाठवितात. दर तिमाहीला तो कागद येईपर्यंत त्या घरात कोणाला अन्न गोड लागत नाही. मागे आकडा थोडा चढला, सगळे हबकले, आणि अखेर निघाले काय, तर गृहस्थ पुन्हा विड्या ओढू लागले होते.

भाची : विडी-सिगारेटने तो चढतो, यकृताच्या काही विकारांतही चढतो, म्हणून एका आकड्यावर कोणी निकाल देऊ नये, चढ खरा की नाही हे पुन्हा रक्त काढून पाहावे. माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली हे द्रव्य आतड्याच्या कर्करोगात आणि गर्भाच्या आतड्यात दाखविले, तेव्हा यानेच कर्करोग ओळखता येईल अशी आशा होती. ती फोल ठरली. निदानाला त्याचा उपयोग नाही. पण शस्त्रक्रियेपूर्वी तो मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमच्या वर असेल आणि नंतर काही आठवड्यांत खाली उतरला नाही, तर रोग कोठेतरी शिल्लक असल्याचा संशय धरावा लागतो. उतरून पुन्हा चढू लागला, तर यकृत तपासावे लागते, कारण तिथली एखाददुसरी गाठ वेळेवर सापडली तर काढता येते. मात्र तुमच्या बाजूचा पुरावाही सांगते. इंग्लंडमध्ये १२०२ रोग्यांवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित सीईएमुळे किंवा सीटी स्कॅनमुळे शस्त्रक्रियायोग्य पुनरुद्भव अधिक सापडले, परंतु त्यामुळे आयुष्य वाढल्याचे ठामपणे सिद्ध झाले नाही.

मामा : तू प्रामाणिक आहेस, म्हणून वाद घालायला बरे वाटते. आता तू पाठविलेला तो रक्तातल्या गाठीच्या डीएनएचा कागद. मी तो पेन्सिल घेऊन वाचला. ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या टप्प्याचे रोगी, अभ्यास २०१६ चा. किमो न दिलेल्यांपैकी १४ जणांच्या रक्तात शस्त्रक्रियेनंतर गाठीचा अंश सापडला, त्यांतल्या ११ जणांचा रोग परतला. १६४ जणांत अंश सापडला नाही, त्यांतल्या १६ जणांचा परतला. म्हणजे रोग परतलेले एकूण २७; त्यांतले ११ तुमच्या तपासणीने पकडले आणि १६ जणांना निर्धास्त राहण्याचा दाखला दिला. असा दाखला माझ्या कचेरीतून गेला असता तर माझी चौकशी लागली असती.

भाची : बेरीज बिनचूक आहे, भागाकार राहिला. अंश सापडलेल्यांत शंभरी ७९ जणांचा रोग परतला, न सापडलेल्यांत दहाजणांचाही नाही. इतके अंतर पाडून दाखविणारा दुसरा मार्कर आमच्याजवळ नाही. परंतु ‘नाही’ या उत्तराला दाखला समजू नये हे तुमचे म्हणणे मी जसेच्या तसे घेते. म्हणूनच त्याच मंडळींनी पुढचे पाऊल टाकले, आणि ते २०२२ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या टप्प्याच्या ४५५ रोग्यांचे दोन गट केले. एकात किमो द्यायची की नाही हे रक्तातील अंशावरून ठरविले, दुसऱ्यात नेहमीच्या लक्षणांवरून. पहिल्या गटात १५ टक्क्यांना किमो द्यावी लागली, दुसऱ्यात २८ टक्क्यांना. आणि दोन वर्षांनी रोगाशिवाय असलेले पहिल्यात ९३.५ टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के. म्हणजे औषध दुसऱ्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्म्याच लोकांना दिले आणि पदरात पडले तेवढेच. ऑक्सॅलिप्लॅटिनने ज्याच्या बोटांची टोके महिनोन्महिने बधिर झाली, सदऱ्याचे बटण लावता येईना की पायातली चप्पल कधी निसटली ते कळेना, त्याला विचारा, की न दिलेल्या औषधाची किंमत काय असते.

मामा : म्हणजे तू बापूची तीही तपासणी करणार?

भाची : आज नाही. ती महाग आहे, आणि तिच्या उत्तरावाचून निर्णय अडेल असे मला अजून वाटत नाही. तसेच केरास, बीराफ या जनुकांचे. केरासमध्ये सुमारे ४० टक्के गाठींत बदल असतो आणि तो असेल तर सेटुक्सिमॅब हे औषध चालत नाही. बीराफमधील एक ठराविक बदल रोग पसरल्यावर वाईट लक्षण मानतात. पण हे प्रश्न चौथ्या टप्प्याचे. बापूमामांचा रोग पसरलेला नसताना हे कागद जमविणे म्हणजे पीक उभे असताना दुष्काळाची सूट मागणे होईल.

मामा : तुझी कसोटी तू स्वतःलाही लावतेस, एवढे मी मान्य करतो. पण माझा मुख्य मुद्दा अजून राहिलाच आहे. मेलबर्नचा रोगी आणि आमच्या तालुक्यातला रोगी यांच्यामधली तफावत रक्तात शोधण्याआधी रस्त्यावर शोध. इथे शौचाला रक्त पडले की प्रत्येकाला मूळव्याधच झालेली असते. मलम, चूर्ण, दोरा बांधणे, कोणी सांगितला तो काढा, आणि कमलाभवानीला नवस. वर्ष निघून जाते. अंगात रक्त उरत नाही तेव्हा जेऊरला गाडी पकडून पुणे, नाहीतर सीना ओलांडून परंड्यावरून बार्शी. दुर्बीण आत जाते तेव्हा गाठीने वाट अडविलेली असते. या विलंबाहून मोठा मार्कर तुमच्या शास्त्रात आहे का?

भाची : नाही. आणि हे सांगणारे दप्तर आपल्या शेजारीच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातून १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील खेड्यांची कर्करोग नोंदवही सुरू झाली. देशातील ग्रामीण भागाची ती पहिली. खेड्यातला रोगी रुग्णालयात येतच नाही, म्हणून नोंद घेणारी माणसे गावोगाव गेली, लोकांना लक्षणे समजावून सांगू लागली, आणि नोंद करणे हेच लवकर निदानाचे साधन झाले. त्या वहीत आतड्याचा कर्करोग खालच्या क्रमांकावर आहे; अग्रभागी होता तो स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा. त्याच रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्राबरोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर जो प्रयोग केला त्याचा निकाल २००९ साली जगाने वाचला : त्या रोगाच्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तरी त्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

मामा : तपासणीने आले नाहीत, तपासणीत दोष निघालेल्या बाईला उपचारापर्यंत पोहोचते करणारी माणसे होती, म्हणून आले. नुसता कागद घरी पाठविला असता तर तो देवळीत पडून राहिला असता.

भाची : मी दुसरे काय म्हणते आहे? निर्णय जोडलेला हवा, आणि निर्णय अमलात आणणारे माणूस हवे. तिसरी अटही घाला : आकडा आपल्या लोकांचा हवा. टाटा रुग्णालयात येणाऱ्या आतड्याच्या रोग्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत भरते आणि मुद्रिकेच्या आकाराच्या पेशींचा आक्रमक प्रकार त्यांच्यात पाश्चात्त्यांहून अधिक आढळतो. तेव्हा मेलबर्नचे कोष्टक इथे डोळे मिटून वापरणे म्हणजे कंदरची पैसेवारी माळावरच्या गावाला लावणे.

मामा : आता माझी चौथी अट. ज्याचे भविष्य त्याला ते नको असेल तर? बापू भित्रा नाही, पण तो शेतकरी आहे. पेरताना तो पावसाची हमी मागत नाही. तुमचा आकडा वाईट निघाला तर तो जगेल तितके दिवस त्या आकड्याखाली जगेल.

भाची : आकडा म्हणजे ललाटलेख नव्हे, हे समजावून दिले तर तो त्याखाली दबणार नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किमो संपलेल्या ८८९ रोग्यांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम करायला लावला; पाच वर्षांनी रोगाशिवाय असलेले त्यांच्यात ८०.३ टक्के निघाले, नुसती माहितीची पुस्तिका मिळालेल्यांत ७३.९. माणसे त्याच टप्प्यांची होती, गाठी त्याच जातीच्या होत्या. वागणूक बदलली आणि गावाची आणेवारी वर गेली. तरीही बापूमामांना आकडा ऐकायचा नसेल तर तो न सांगता केवळ निर्णय सांगता येतो : औषध हवे, किंवा औषध नको. तेवढा अधिकार त्यांचा आहे.

मामा : मग मघाचे ते राहिलेले बोलू. औषधाचा निर्णय बापूचा, तो कागद बापूचा. पण त्या चार प्रथिनांत दोष निघाला आणि तो जन्मजात ठरला, तर तो कागद एकट्या बापूचा राहत नाही. त्यात माझा हिस्सा आहे, तुझ्या आईचा आहे, त्याच्या मुलांचा आहे, तुझाही आहे. सातबाऱ्यावर सामाईक नाव असले की एकट्याच्या सहीने व्यवहार होत नाही. म्हणून ब्लॉक मागविण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून हे स्पष्ट सांग, की यातली कोणती माहिती तो आपल्यापुरती नाकारू शकतो आणि कोणती नाकारली तर घरातल्या इतरांचे नुकसान होते. हे ऐकून तो हो म्हणाला तर तपासणी कर, खर्चाचे मी पाहतो.

भाची : आणि नको म्हणाले तर?

मामा : तर दुर्बिणीची तपासणी आम्ही भावंडे कागदावाचून करून घेऊ. त्याच्या नकारापायी तुझ्या आईने थांबावे, हे मला पटणार नाही. आणि आपल्याला भीती वाटते म्हणून त्याच्यावर होकार लादावा, हेही नाही.